प्रल्हाद चौधरीची विहीर

प्रल्हाद चौधरी जेवायला बसला की चमच्यानं वाटीवर ठेका धरायचा. ठेका धरणारी माणसं पुष्कळ असतात, पण याचा ठेका इतका संथ की एक ठोका पडल्यावर दुसऱ्याची आशा सोडून द्यावी. पहिल्यांदा तो आमच्याकडे जेवला तेव्हा माझ्या आईला वाटलं, पाहुण्याला काहीतरी हवंय आणि मागायला तो लाजतोय. ती दर ठोक्याला वरण वाढत गेली. प्रल्हादनं मुकाट्यानं सगळं संपवलं आणि हात धुताना मला म्हणाला, "तुमच्या घरी ताल सांभाळून जेवावं लागतं, सर."

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि प्रल्हाद यावलला वीज खात्यात ज्युनिअर इंजिनियर होता. मूळचा पारोळ्याकडचा, त्यामुळे नोकरीतली मराठी वेगळी आणि तापल्यावरची गावाकडची बोली वेगळी. आमची ओळख झाली ती एका शब्दामुळे. एका जुन्या विलायती मासिकात त्यानं 'हेवी मेटल' असं वाचलं होतं, तेही संगीताच्या पानावर. रसायनवाल्याला विचारलेलं बरं म्हणून कुणाची तरी ओळख काढून तो माझ्याकडे आला. मी सांगितलं, जड धातू म्हणजे शिसं, पारा, असले. शरीरात गेले की बाहेर पडत नाहीत. त्यानं मान डोलावली. "बरोबर आहे. तेच संगीत आहे ते," म्हणाला.

ते मासिक त्याला ज्याच्याकडून मिळालं तो धुळ्याचा कांतीलाल. बापाचं कापडाचं मोठं दुकान, घराणं मारवाडातून येऊन तीन पिढ्या झालेलं. माल आणायला तो मुंबईला जाई आणि कापडाची ठाणं आणताना मधोमध दोनचार रेकॉर्डी लपवून आणी. त्याच्या वडिलांना तलम आणि जाडंभरडं यातला फरक हात लावून कळे, पण गठ्ठ्याच्या पोटात काय आहे ते कधी कळलं नाही. जळगाव-धुळ्यात तेव्हा असलं संगीत ऐकणारे आम्ही पाचसहा जण असू. बाकीच्या जगाला तो आवाज म्हणजे पत्र्याच्या दुकानात बैल शिरल्यासारखा वाटे. एकदा घरमालकानं मला विचारलं होतं, "सर, तुमचं भांडण नेमकं कुणाशी चाललंय?"

कांतीलालनं एका फेरीत एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती आणल्या. एक स्वतःला ठेवली, एक प्रल्हादला दिली. वेष्टनावर काळ्या विहिरीचं चित्र होतं. बँडचं नाव लांबलचक, तिघेही तीन तऱ्हांनी उच्चारायचो, म्हणून सरळ 'विहीर' म्हणू लागलो. महिनाभरानं पारोळ्याच्या स्टँडवर भेटायचं ठरलं. पारोळं दोघांच्याही वाटेवर, म्हणजे कुणी कुणाकडे गेल्याचा कमीपणा नाही. आमच्यात मानपान असे होते.

चहा यायच्या आधीच भांडण सुरू झालं. प्रल्हाद म्हणाला, इतकं संथ, इतकं जड काही आजवर ऐकलं नाही. कांतीलालनं कप खाली ठेवला. "संथ? अरे भाई, विहीर म्हणजे घोडा आहे घोडा!" प्रल्हाद म्हणाला, गाणारा पन्नाशीचा आहे, आयुष्यानं पिचलेला. कांतीलाल म्हणाला, विशीतलं पोरगं आहे, मिसरूड फुटलेलं नसेल. मग दोघांनी टेबलावर ठेका वाजवून दाखवला. एकाच गाण्याचा. एकाच्या हातानं टेबलावरची बशी नाचायला लागली, दुसऱ्याचा हात वर गेला तो खाली येईपर्यंत हॉटेलवाल्यानं शेजारचं टेबल पुसून घेतलं.

हे भांडण दोनतीन वर्षं चाललं. दोघांनी त्यावर सिद्धांत उभारले. प्रल्हादचं म्हणणं, ज्याला वजन आहे ते पळत नाही. "केळीचा भरलेला ट्रक बघा आणि रिकामा बघा. रिकामा उड्या मारत जातो." कांतीलालचं म्हणणं, दगड जोरात आला तरच लागतो. जळगावची पोरं प्रल्हादच्या बाजूनं आणि धुळ्याची कांतीलालच्या. यातल्या निम्म्यांनी 'विहीर' ऐकलेलीसुद्धा नव्हती, पण बाजू घ्यायला ऐकावं लागतं असं थोडंच आहे? मी दोन्हीकडे ऐकली होती आणि मला दोन्ही खऱ्या वाटत होत्या. यंत्रायंत्रात फरक असतो, असं मी म्हणे. दोघेही मला बावळट समजत.

प्रल्हादच्या दृष्टीनं मात्र ही गंमत नव्हती. घरात तो धाकटा. भावांनी जमीन सांभाळली, यानं नोकरी धरली, आणि त्याच्या मताला कुणी कधी विचारलं नाही. कचेरीत वरिष्ठ सांगतील ते. आपल्याला कान आहे, दुसऱ्याला ऐकू येत नाही ते आपल्याला ऐकू येतं, एवढी एकच गोष्ट त्याची स्वतःची होती. "मना कानले नाव ठेवू नका," तो म्हणे, "बाकी मना बठ्ठा उद्धार करा." बठ्ठा म्हणजे सगळा. आणि कान होताच. यावलच्या केळीच्या बागांत विजेच्या कमी दाबावर पंप चालायचे, त्यांचं ते घोगरं कण्हणं आपल्याला शेतातला एक आवाज वाटे. हा रस्त्यात सायकल थांबवायचा. "मोटार रडस ना, ते माले घास उतरत नही," म्हणायचा. घास उतरत नाही म्हणजे खरोखर जेवायचा नाही. त्याची बायको, मालतीवहिनी, मला सांगायच्या, उन्हाळाभर यांचं अर्धं जेवण वाया जातं.

शेवटी एका रविवारी कांतीलाल दोन्हीकडच्या पोरांना आणि मला घेऊन यावलला येऊन थडकला. उन्हाळ्याची दुपार, बागांतले सगळे पंप चालू. प्रल्हादनं रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटले. ती संथ, खोल, काळी विहीर खोलीत भरून आली. कांतीलालनं थोडा वेळ ऐकलं. मग वर पाहिलं. छताच्या पंख्याची पाती एकेक करून मोजता येत होती. तो हसायला लागला, हसता हसता सतरंजीवर आडवा झाला. "प्रल्हादभाऊ! बँड हळू नाही! तुमची लाईट हळू आहे! मोटरच फिरत नाही तर बिचारा गाणार काय?"

जमलेले सगळे हसले. जळगावची पोरं तर जास्तच हसली. प्रल्हाद उठला, मीटर आणून प्लगला लावला. काटा जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी खाली लोंबकळत होता. आख्ख्या तालुक्याचा दाब कमी आहे असे अर्ज ज्या माणसाच्या टेबलावर रोज येत, त्याच्या घरात तो कमी असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला हसू आलं नाही. त्याचा चेहरा पाहिल्यावर तर नाहीच.

"मग खरी कोणती?" कुणीतरी विचारलं.

"कंपनीनं रेकॉर्डीवर कापली ती," कांतीलाल म्हणाला.

प्रल्हादनं मीटर गुंडाळून ठेवला. "कंपनीनी कापी ती कंपनीनी," तो म्हणाला. "मी आयकी ती मनी शे."

माणसानं एवढ्यावर थांबावं. पण याच्या पुढे दैवानं जी चेष्टा मांडली ती मला अजून पचलेली नाही. यावलला नवा मोठा ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला. त्यासाठी कागद रेटले होते प्रल्हादनंच, कारण मोटारींचं रडणं त्याला ऐकवत नव्हतं. ट्रान्सफॉर्मर बसला, पंप गरजले, बागायतदारांनी त्याला हार घातला. हार गळ्यात तसाच ठेवून तो घरी आला आणि 'विहीर' लावली. घोडा उधळला. विशीतलं पोरगं किंचाळत सुटलं. वहिनी सांगतात, अर्धी बाजू त्यानं उभ्याउभ्या ऐकली, मग सुई उचलली आणि हार काढून खुंटीला अडकवला.

पुढच्याच महिन्यात त्यानं बदली मागितली. लोक धुळं मिळावं, जळगाव मिळावं म्हणून साहेबांच्या बायकांना केळीचे घड पोचवतात. यानं मागितलं शिरपूरच्या पलीकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव, जिथे खात्याची लाईन संपते. शेवटच्या खांबापर्यंत जाताना वीज दमते, हे त्याला आम्हा सर्वांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिथे त्याची विहीर पुन्हा पहिल्यासारखी वाजू लागली. मी भेटायला गेलो तेव्हा खूष होता. "सर, बठ्ठा लोके पळी राहिनात," मला म्हणाला. "एक जण तरी धीरे चालाले पाहिजे." आतल्या खोलीत वहिनी मिणमिणत्या बल्बखाली तांदूळ निवडत होत्या आणि त्यांना खडा दिसत नव्हता.

आता यात मेख अशी, की तिथेही एक पिठाची गिरणी होती आणि तिची मोटार रडत होती. प्रल्हादला घास उतरेना. वर्षदीड वर्ष खटपट करून त्यानं तिथला दाब सुधारला, गिरणी सुरळीत झाली, विहीर उधळली, आणि यानं आणखी पुढचं गाव मागितलं. मग आणखी पुढचं. जिथे जाई तिथे चांगलं काम करी, आणि काम चांगलं झालं की त्याला तिथे राहवत नसे. खात्यात त्याचं नाव झालं. दुर्गम भागाची इतकी तळमळ असलेला अधिकारी पाहिला नाही, असं एका मोठ्या साहेबानं भाषणात म्हटलं. ते ऐकून मला ओरडावंसं वाटलं. कारण त्या तळमळीचा भार वाहत होती ती त्याची बायको, आणि मुलगी शैला. हुशार पोर. जिथे चौथीच्या पुढे शाळाच नाही अशा गावी दोन वर्षं ती बापाच्या जुन्या मासिकांतली चित्रं बघत घरी बसली. मी म्हणालो, शैलाला माझ्याकडे जळगावला ठेव. तो म्हणाला, "एवढी एक बदली होऊ द्या सर, मग आम्हीच जळगावला येतो."

आला नाही. कावीळ झाली. त्या गावाहून शिरपूरला एसटी दिवसातून एकदा, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असला की तीही नाही. शिरपूरच्या दवाखान्यात पोचला तेव्हा उशीर झाला होता.

धुळ्याला आम्ही शोकसभा ठेवली. कांतीलाल बोलायला उभा राहिला आणि त्यानं पंख्याची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. लोक हसले. मरणाच्या सभेत माणसं हसायला टपलेलीच असतात, त्यांना फक्त कुणीतरी परवानगी द्यावी लागते. शेवटी कांतीलाल रडला हे खरं, पण तोवर मी चपला शोधत होतो. एका माणसाचं सगळं आयुष्य एका हशात बसवलं गेलं आणि ते नीट बसलंही, याचा राग कुणावर काढायचा ते मला कळत नव्हतं.

काही महिन्यांनी वहिनी जळगावला दोन खोल्या घेऊन राहू लागल्या. शैला शाळेत जायला लागली होती, आपल्यापेक्षा लहान मुलींच्या वर्गात, मागच्या बाकावर. मी गेलो तेव्हा ती आत अभ्यास करत होती. वहिनींनी चहा दिला आणि न विचारता रेकॉर्डप्लेअरवरचं फडकं काढलं.

"ऐका तुमच्या मित्राची," म्हणाल्या.

जळगावची वीज चांगली. विहीर धावतच सुटली. वहिनींनी उजव्या हाताचं एक बोट रेकॉर्डीच्या कडेला अलगद टेकवलं. आवाज खाली उतरला, आणखी खाली उतरला, आणि एका ठिकाणी येऊन त्यांनी बोट तिथेच धरून ठेवलं. तीच होती. यावलची दुपार, मिटलेले डोळे, सगळं.

"एवढीच ना?" वहिनींनी विचारलं.

"एवढीच."

"धूळ पुसताना सापडलं मला हे. यावल सोडायच्या आधी. यांना करून दाखवलं. म्हटलं, दाब कितीही वाढू दे, मी रोज बोट धरून बसते. इथेच राहू. पोरीची शाळा आहे." त्यांचं बोट हललं नाही. "तर म्हणाले, ही फसवणूक झाली. प्लेट आपोआप हळू फिरायला हवी."

आतून शैला म्हणाली, "आई, काढ ना बोट. ते गाणं तसं नाहीये."

"राहू दे गं. एवढी बाजू होऊ दे."

आम्ही बाजू संपेपर्यंत बसलो. सुई आतल्या कडेला जाऊन खरखरायला लागली तेव्हा वहिनींनी बोट उचललं आणि पदराला पुसलं.

"आपोआप म्हणे," त्या म्हणाल्या. "दर बदलीला सामान काय आपोआप बांधलं जात होतं, भाऊजी?"