चटका न बसणारी बाई

मथुरामावशी उकळतं कालवण चुलीवरून नुसत्या हातांनी उतरवायची. फडकं नाही, सांडशी नाही. कळंबला समुद्राच्या अंगाला माझ्या सासरच्यांची कॉटेजं आहेत, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मावशी तिथे स्वयंपाक करायची. नवी सून म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेले आणि तिला टोप उतरवताना पाहून मीच किंचाळले. ती हसली. "भितो त्याला चटका लागतो, सुनबाय. आग वलखते मला."

हे वाक्य तिचं ठेवणीतलं. पाहुणे मोबाईल काढून व्हिडिओ करू लागले की ती पदर सावरून टोप पुन्हा एकदा उचलून दाखवी. तोंडाने मात्र फटकळ. कुणी बाई ओला बोंबील चिमटीत धरून नाक मुरडू लागली, की म्हणायची, "धर नीट. तो मेलाय, तू नाय." सासूबाई तर गावभर सांगत सुटायच्या, आमच्या मथुरेच्या हाताला देवाची देणगी आहे. मलाही तिचा अभिमान वाटू लागला होता.

बाकी बाई वेंधळी, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. चप्पल पायातून कधी निसटली ते तिला कळत नसे. एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, अशी ती बाजारातून खुशाल परत यायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. तिच्या कोपराखाली एक फिकट डाग होता. भर मे महिन्यात चुलीपाशी ती घामाने न्हालेली असायची, पण तेवढी जागा कोरडी. मी विचारलं, तर म्हणाली, "शिबं हायत. खाजत नाय, दुखत नाय, मंग कशाला त्याची कालजी?" डाग हळूहळू पसरत होता. दुखत नव्हता, म्हणून आम्ही सगळेच निश्चिंत होतो.

एका रविवारी दुपारी भाकऱ्या चालल्या होत्या. मावशी एका पाहुणीला माशाची गाभोळी कशी तळायची ते रंगात येऊन सांगत होती. डावा हात तव्याच्या कडेला टेकलेला. बोलता बोलता ती थांबली, नाक वर करून म्हणाली, "सुनबाय, काय करपतंय बघ गं."

तिचीच बोटं करपत होती.

मी तिचा हात ओढून काढला. कातडी तव्याला चिकटून राहिली. आणि मावशी माझ्याकडे नुसती बघत उभी, तोंडातून साधं 'आई गं' नाही. तिच्या त्या शांत चेहऱ्याची मला आजही भीती वाटते.

वसईच्या डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली आणि मग त्यांची नजर डागाकडे गेली. "मावशी, डोळे मिटा. मी कापूस टेकवला की 'हां' म्हणा." त्यांनी डागावरून कापूस फिरवला. मग पेनाचं टोक दाबून पाहिलं. मावशी शहाण्या मुलीसारखी डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "डाक्टरबाय, कवा सुरू करताय?"



तपासण्या झाल्या. कुष्ठरोग होता. "चटका बसतो म्हणून आपण हात मागे घेतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांच्या कातडीवरचा तो पहाराच उठलाय. गोळ्यांनी रोग पूर्ण बरा होईल, पुढे सरकणार नाही. पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही."

मावशीने एवढंच विचारलं, "म्हंजे आग मला वलखत नव्हती?"



गोळ्या तिने नेमाने पुऱ्या केल्या. रोग गेला. काम मात्र सोडलं आणि चांदीपला लेकीकडे राहायला गेली. परवा मी भेटायला गेले, तेव्हा लेक कामावर गेली होती आणि तान्ही नात पाळण्यात किरकिरत होती. मावशीने तिच्या कपाळाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. ताप आहे की नाही, तिच्या हाताला कळणार नव्हतं. मग ती वाकली, बाळाच्या कपाळावर गाल टेकवून बराच वेळ तशीच राहिली.

"अंग गरम हाय," ती म्हणाली. "गालाला कलतंय अजून."

"मावशी, रोग गेलाय. डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, पुढे सरकणार नाही म्हणून?"

ती पुन्हा वाकली आणि तिने दुसरा गाल टेकवून पाहिला.