तिथी लावून केलेली तक्रार

डहाणूच्या खाडीकाठी हंसाबाईचं खळं आहे, म्हणजे जवळा वाळत घालायची चोपून केलेली जागा. कावळा, कुत्रं आणि आगाऊ माणूस यांना तिथे थारा नाही, असं ती सांगते. यंदा माघात मात्र तिसऱ्या जातीने तिला जेरीला आणलं. संध्याकाळी मोटारसायकली येऊन उभ्या राहायच्या, सहा-आठ जण दारू प्यायचे, वाटेने जाणाऱ्या बायकांना नको ते बोलायचे आणि रिकाम्या बाटल्या बांधावर फोडायचे.

हंसाबाई कोणाचं ऐकून घेणारी नव्हे. एकदा ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि जागीच थबकली. त्यांच्यात धर्मेश होता, तिच्या धाकट्या बहिणीचा, हिनाचा मुलगा. त्याला तिने कडेवर घेऊन वाढवलेलं. मावशीला बघून त्याने मान फिरवली, आणि मावशी तशीच घरी आली.

इथे तिचं चुकलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, म्हणून ती दोन महिने गप्प राहिली आणि दर वेळी दुसऱ्या सकाळी काचा वेचून त्याच जागी जवळा पसरत राहिली. वेचून वेचून माणूस किती वेचणार?

चैत्रात तलासरीच्या बाजारात वेवजी गावची नवशी तिच्यापुढे येऊन बसली. नवशी दरवर्षी पावसाळ्याची सुकी मासळी हंसाबाईकडूनच भरायची. तिने कागदाची पुडी उघडून काचेचा एक तुकडा हंसाबाईच्या हातावर ठेवला.

"पोराच्या घासात आली ही, हंसाबाय," नवशी म्हणाली. "नशीब, आधी दाताखाली लागली."

ती भांडली नाही. उठली आणि शेजारच्या बाईकडून जवळा घेतला. हंसाबाईला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत तिने आशागडपर्यंत ती काच मुठीत धरून ठेवली. मग शेजारी बसलेल्या बाईला म्हणाली, उद्या मी नगरपालिकेत जाणार.

हिनाला त्याच संध्याकाळी कळलं. ती आली, रडली, म्हणाली की बाकी काय लिहायचं ते लिही, फक्त माझ्या धर्मेशचं नाव घालू नकोस. हंसाबाईने तिला चहा दिला, शब्द दिला नाही. पण चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने रात्री अर्ज लिहिला, तेव्हा त्यात धर्मेशचं नाव नव्हतंच. हात तेवढा पुढे सरकला नाही.

नगरपालिकेत अर्ज घेणाऱ्या वर्षाताईंनी तो वाचला आणि त्यांना हसू आवरेना. माघ शुद्ध अष्टमी, सहा जण, बाटल्या फोडल्या. नवमी, आठ जण, एक जीप. माघ वद्य अष्टमी, शिवीगाळ. मावशी, ही तक्रार आहे की पंचांग, तारखा कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. हंसाबाईला राग आला. आमच्याकडे भरतीचं पाणी तारखेला येत नाही, तिथीला येतं, असं तिने सुनावलं. डोलीच्या, म्हणजे वाहत्या पाण्यात रोवायच्या जाळ्यावर जगणाऱ्या घरात जन्म, लग्न, मरण सगळं तिथीनेच लक्षात राहतं.

वर्षाताई तशा भल्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि एकेका तिथीपुढे तारीख घालायला बसल्या. आठवी ओळ झाली तेव्हा त्यांचं हसू गेलं होतं. सगळ्या ओळी अष्टमी-नवमीच्याच कशा, असं त्यांनी विचारलं.

हंसाबाईने आठवेल तसं लिहिलं होतं, एकत्र पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी मंद. पाण्याला ओढ नसते, डोलीच्या जाळ्यात काही येत नाही, म्हणून गावच्या बोटी बांधलेल्या आणि माणसं घरी. खाडीत चिटपाखरू नसतं. आणि नेमकी त्याच दिवसांत भरती येते दिवेलागणीला. लहान होडी खळ्याला सुखाने लागावी, असं पाणी.

"ही पोरं दारू प्यायला येत नाहीत," ती म्हणाली. "यांचं काहीतरी इथे उतरतं. बाटल्या फोडतात त्या आम्ही बायकांनी तिकडे फिरकू नये म्हणून."

वर्षाताईंनी तिला तडक मुख्याधिकाऱ्यांपुढे नेलं आणि त्यांनी पोलीस साहेबांना बोलावून घेतलं. साहेबांनी सगळं ऐकलं, पुढची अष्टमी कधी ते विचारलं. सहा दिवसांवर होती. मग त्यांनी पेन उघडलं आणि कोणी ओळखीचं होतं का, असं विचारलं. नाव नसेल तर अज्ञात इसम असं लिहू, ते म्हणाले.

हंसाबाईने मनात हिशोब केला. अज्ञात लिहिलं की ती सुटली, हिना सुटली, धर्मेशही सुटला. नवशीच्या पोराच्या तोंडात काच गेली ती मात्र अज्ञाताची.

"लिहा," ती म्हणाली. "धर्मेश. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा."

अष्टमीला दिवेलागणीच्या भरतीत होडी लागली आणि चोरट्या दारूची खोकी उतरवताना सात जण पोलिसांना सापडले. धर्मेश कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, डोक्यावर खोकं.

हिनाने बहिणीच्या तोंडावर दार लावलं. हंसाबाई रोज त्या बंद दारावरून खळ्यावर जायची, आणि रोज तिला रडू यायचं. पंधरवड्याने हिनाच आली. पोलिसांना दिलेली जबानी मागे घे, एवढंच म्हणाली.

"मागे घेणार नाही," हंसाबाई म्हणाली. "पण कोर्टाच्या प्रत्येक तारखेला तुझ्याबरोबर येईन. एकटी नाही जायचंस."

तशी ती गेली. तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा आत जाऊन, भाच्याकडे बघून, पाहिलं तसं सगळं सांगितलं. मग बाहेर आली आणि बाकावर हिनाच्या शेजारी बसली. हिना उठली नाही.