खानावळीतला रस्सा

"आधी हातावर घ्या, मंग बोला."

असं म्हणत ती पळीतला रस्सा थेंबभर माझ्या तळहातावर टाकायची. चटका बसायच्या आत चाटायचा. वाटीतून चव नीट कळत नाही, असं तिचं म्हणणं. तुम्हीही करून पाहा. मला फरक कधी कळला नाही, पण मान मात्र मी दरवेळी डोलावली.

ती दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्यात कापसातून निघालेली सरकी गोळा करायची. केसांत कायम रुई. मी शेजारच्या कापूस खरेदी केंद्रावरचा बाबू, तेव्हा एकटा राहणारा. भाव पडलेली ती वर्षं. फाटकाबाहेर गाड्या दोन-दोन दिवस उभ्या असायच्या. कामावर जाताना ती माझ्या खोलीवर बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा डबा द्यायची.

कचेरीत त्या डब्यावरून रोज भांडण. वणीच्या वजनकाटेवाल्याला वर बोटभर तर्री हवी, पुसदच्या हेडक्लार्कला भाकरी बुडेल इतका पातळ. तिला सांगितलं की ती हसायची.

"वणीवाल्याले तेल पाह्यजे, पुसदवाल्याले पानी. अन् तुमाले?"

"मले काहीही चालते."

"मंग तुमची जीभ कोन्त्या गावची हो, बाबूजी?"

एकदा हेडक्लार्कनं विचारलं, "आणतोस कुठून?" मी म्हणालो, "बसस्टँडमागच्या खानावळीतून."

तिचं घर बुद्धविहाराला लागून होतं. ते कळलं असतं तर निम्म्या जणांनी डबा बाजूला सारला असता. तिचा अपमान टळावा म्हणून मी खोटं बोललो, की माझाच? मला अजून ठरवता येत नाही.

गंमत अशी की सगळे त्या खानावळीत जाऊ लागले आणि "अगदी तीच चव" म्हणत परतू लागले. मीही गेलो. मलाही तीच लागली.

मग जिनिंग बंद पडली. ती केंद्रावर आली.

"फाटकापाशी चूल मांडीन म्हनतो. तुमी फक्त एकडाव हापिसात सांगा, थो रस्सा माह्या हातचा होय म्हून. मंग येतीन लोकं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. तीन दिवस तिनं चूल पेटवली. तिन्ही दिवस आमची माणसं तिच्यासमोरून खानावळीकडे गेली. त्यांत मीही होतो.

चौथ्या दिवशी सकाळी ती खोलीवर आली. तळहात पुढे करा म्हणाली नाही. डबा उंबऱ्यावर ठेवला.

"घ्या बाबूजी. खानावळीतला हाय."

त्यानंतर ती दिसली नाही. वणीकडे लेकीपाशी गेली, असं तिच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. मी शोधायला गेलो नाही.

परवा पुसदला हेडक्लार्कना फोन लावला. नव्वदीला टेकलेत. म्हटलं, "साहेब, तो रस्सा खानावळीचा नव्हता. सरकी गोळा करणाऱ्या बाईंचा होता."

"काहीतरीच सांगून राह्यला तू! इतकी वर्षं जेवलो तिथं. मले चव नाही कळत काय?"

मी फोन ठेवला. समोर सुनेनं वाढलेला रस्सा वाफाळत होता. थोडा तळहातावर घेतला, आणि या वेळी चाटला नाही. चटका बसेपर्यंत तसाच धरून ठेवला.