वीस मिनिटांचं पुस्तक

त्या मुलीनं माझ्या गळ्यात रिबीन अडकवली तेव्हा मला वाटलं, पाहुण्यांचा बिल्ला असेल. मी मान वाकवून घालून घेतली. वर हसलेसुद्धा. मग ते छातीवर लोंबायला लागलं आणि लक्षात आलं, बिल्ला एवढा मोठा नसतो. शाळेतल्या पाटीएवढा पुठ्ठा होता. ज्याच्या गळ्यात असतो त्याला अक्षरं उलटी दिसतात. मी तो हातात धरून फिरवला आणि वाचला.

"जिवंत पुस्तक. विषय : दलित स्त्रीची व्यथा. वाचनाचा वेळ : वीस मिनिटं."

माझं नाव कुठेच नव्हतं.

"मॅम, तुमची चेअर ती, चहाच्या टेबलाच्या बाजूची," मुलगी म्हणाली. "रीडर आला की त्याच्याशी बोलायचं, बस. आणि प्लीज मध्येच उठू नका हां, लाइन तुटते."

डोंबिवलीतलं नाट्यगृह. ग्रंथालयवाल्यांचं अधिवेशन. आत मोठ्या सभागृहात लेखकांच्या मुलाखती, बाहेरच्या मोकळ्या जागेत पुस्तकांचं प्रदर्शन, आणि चहाच्या टेबलापाशी आम्ही. विशेष उपक्रम. भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाच्या गळ्यात पाटी. माझ्या शेजारी एक अंध गृहस्थ होते. बँकेत मॅनेजर. त्यांच्या पाटीवर 'अंधार' लिहिलं होतं.

मी कल्याणजवळ मोहन्याला राहते आणि कल्याणच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. एक पुस्तक लिहिलंय. रहस्यकथा. डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या लिफ्टमध्ये प्रेत सापडतं आणि घरोघर रक्ताचे नमुने घ्यायला जाणारी एक बाई खुनी शोधून काढते. पुस्तकात कुणाची जात नाही. मुद्दाम टाळली असंही नाही. गरजच पडली नाही. खून झाला होता, लोक घाईत होते.

अधिवेशनाच्या कार्यवाहांचा फोन आला होता. आवाज एकदम तुपातला. "तुमच्या लेखनातली वेदना फार भिडली, ताई. आमच्याकडे या. वीस मिनिटं फक्त तुमची." मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या बायकोबद्दल बोलतायत. ती बाई तशी मला बरी जमलीय. मी फोनवर तीनतीनदा थँक्यू म्हटलं. घड्याळ लावून पहिलं प्रकरण वाचून बघितलं. वीस मिनिटांत नीट बसत होतं, प्रेत सापडण्यापर्यंत.

आणि अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. मोहन्यातल्या कंपनीत कामाला होते. डबा खाताना एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात रहस्यकथा. कंपनी बंद पडली, घरातलं बरंच काही गेलं, पण लायब्ररी त्यांनी सोडली नाही. खून कोणी केला हे शेवटच्या पानाआधी ओळखायचं, ही आमच्या घरातली जुनी पैज. माझ्या पुस्तकातला खुनी त्यांना ओळखता आला नाही. हरले. आणि हरल्याच्या आनंदात आख्ख्या चाळीला सांगत सुटले. त्या दिवशी ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आत पहिल्या रांगेत जाऊन बसले होते. मुलगी स्टेजवर येईल म्हणून.

आणि मुलगी चहापाशी.

मी बसले. तेव्हाच का उठले नाही, असं माझं मीच मला बऱ्याचदा विचारते. चारचौघांत तमाशा नको, बोलावलंय ना मानानं, मग गुमान बसावं, ही सवय. ही सवय आमच्यात कुणी भरली तेही मला माहीत आहे.

पहिल्या आल्या एक काकू. सोनेरी काठाची साडी, हातात वही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज हळू केला, आजाऱ्याशी बोलताना करतात तसा.

"तुम्हाला विहिरीवर पाणी भरू देत नसतील ना हो?"

"मोहन्यात नळ होता," मी म्हटलं.

"तरीपण. लहानपणी काहीतरी झालंच असेल."

"मी एक रहस्यकथा लिहिलीय. लिफ्टमध्ये..."

"ते असू दे. काय काय सोसलंत ते सांगा. संकोच करू नका, आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत."

काकूंनी वहीत काही लिहिलं नाही. वेळ संपायच्या आधीच उठल्या. जाताना म्हणाल्या, "तुमची भाषा किती छान आहे! अगदी आमच्यासारखी." शाबासकीसारखं म्हणाल्या. मला किळस आली.

मग एक गृहस्थ. त्यांना सवलतींवर माझं मत हवं होतं. म्हणजे त्यांचं मत मला ऐकवायचं होतं. ते त्यांनी ऐकवलं, चहा प्यायले आणि रिकामा कप माझ्या खुर्चीखाली ठेवून गेले.

रिबीनवाली मुलगी धावत आली. "मॅम, थोडं इमोशनल करा ना. रीडर्स बोअर होतायत."

सभागृहाचं दार मधूनमधून उघडत होतं. आत एका नावाजलेल्या लेखकाची मुलाखत चालली होती. तुम्ही सकाळी लिहिता की रात्री, पेनानं लिहिता की लॅपटॉपवर, असले प्रश्न. लोक ते कान देऊन ऐकत होते. त्याला विचारत होते, सुचतं कसं. मला विचारत होते, सोसलं कसं. मधे एक दार होतं.

तेवढ्यात प्रदर्शनाच्या बाजूनं अण्णा आले. हातात माझं पुस्तक. आत बसून कंटाळले, म्हणून लेकीचं पुस्तक कुठे मांडलंय ते बघायला गेलेले. रहस्यकथांच्या टेबलावर शोधलं, नव्हतं. कादंबऱ्यांत नव्हतं. शेवटी सापडलं ते 'दलित आत्मकथने' अशी चिठ्ठी लावलेल्या कोपऱ्यात. मुखपृष्ठावर अर्धवट उघडलेली लिफ्ट, दारातून बाहेर आलेला बूट. आणि वर आमचं आडनाव. मांडणाऱ्यांनी बूट बघितला नाही, लिफ्ट बघितली नाही. आडनाव वाचलं आणि कप्पा ठरवला. पुस्तकांच्या जिवावर जगणारी माणसं ही.

हसत हसतच सांगायला येत होते अण्णा. मग त्यांना माझ्या गळ्यातलं दिसलं. त्यांनी चष्मा वर करून सावकाश वाचलं, शेवटच्या 'वीस मिनिटं'पर्यंत. त्यांचा चेहरा उतरला.

"काढ ते," म्हणाले.

एवढंच. त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलेलं आणि त्यांनी मला, की आपल्या माणसांच्या गळ्यात एके काळी थुंकायचं मडकं असायचं. दोघांनाही तेच आठवलं असणार. मी रिबीन डोक्यावरून काढली. केस अडकले, थोडे तुटले.

मी उठले तशी मुलगी घाबरली आणि कार्यवाहांना घेऊन आली. झब्बा, उपरणं, चेहऱ्यावर कायमचं हसू.

"नमस्कार ताई! छान प्रतिसाद आहे ना?"

मी पाटी त्यांच्या हातात दिली. "मी लेखिका म्हणून आलेय."

"अर्थातच! तुमचं आत्मकथन आमच्या समितीत सगळ्यांनी..."

"माझ्या पुस्तकात खून कोणी केला?"

"खून?"

"हो. कोणी केला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णांकडे बघितलं. चहा पिणारे लोक कप हातात धरून बघायला लागले. वाचलं नाही, चुकलं, असं म्हणाले असते तरी मी कदाचित थांबले असते. पण माहीत नसताना गप्प बसायचं असतं, हे या माणसांना कधी कुणी शिकवलेलंच नाही. त्यांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला.

"कसं आहे ताई, असे खून कुणी एक माणूस करत नसतो. ते व्यवस्था करते."

अण्णा खो खो हसले. "साहेब, लिफ्टमध्ये मेलाय तो. ही व्यवस्था कितव्या मजल्यावर राहते?"

बँकेचे मॅनेजरही हसले. एकदोन कपवालेही हसले. कार्यवाहांचं हसू मात्र पहिल्यांदा गेलं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आवाजात पुन्हा तूप ओतलं.

"असं करू. समारोपाच्या आधी स्टेजवर पाच मिनिटं देतो तुम्हाला. फक्त ते खूनबिन नको, लोक थकलेत. तुमच्या प्रवासाबद्दल बोला. आईनं काय भोगलं, ते सांगा. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवेल, माझा शब्द."

खोटं कशाला बोलू, मी अडखळले. उघड्या दारातून स्टेज दिसत होतं. पहिल्या रांगेतली अण्णांची खुर्ची अजून रिकामी होती. पाच मिनिटं आईला विकायचं आणि अण्णांना मुलगी स्टेजवर दाखवायची. मी अण्णांकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नको," ते म्हणाले. "तुझं तू ठरव."

"नको," मी कार्यवाहांना म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पुस्तकातलं वाचायचं असेल तर वीस मिनिटं. नाहीतर काही नको."

"ताई, एवढं ताणू नये. अशी संधी रोज येत नाही."

"तुमच्याकडेच ठेवा."

मुलगी रडवेली झाली. "मॅम, मग या चेअरवर कोणाला बसवू?"

"सरांना बसव. पाटी उलटी कर आणि लिही, न वाचता पुस्तकं लावणारा. वाचायला भरपूर मिळेल लोकांना."

आम्ही निघालो. अण्णांनी माझं पुस्तक त्या कोपऱ्यात परत ठेवलं नाही, रहस्यकथांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवून आले. घरी आल्यावर शेजारच्यांनी विचारलं, कसा झाला कार्यक्रम. अण्णा म्हणाले, झालाच नाही. तो पांढरा शर्ट त्यांनी घडी करून परत कपाटात ठेवला. अजून तिथेच आहे. मला वाईट वाटतं, ते वाटायचंच.

अजूनही फोन येतात. एप्रिल जवळ आला की यांना आमच्या आडनावांची आठवण होते. तेच तूप, तीच भिडलेली वेदना. मी आता थँक्यू म्हणत नाही. एकच विचारते. खून कोणी केला? कुणाला दुसरा कॉल येतो, कुणाची रेंज जाते. मी फोन ठेवते.

दुसरी कादंबरी लिहायला घेतली आहे. तीही खुनाची. आत्मकथन मी लिहिणार नाही. माझी आई, माझी चाळ, माझं बालपण तुमच्या टाळ्यांसाठी नाही. हा एवढा एक प्रसंग सांगितला, कारण यात नागडी झालेली मी नाही, तुम्ही आहात. यापुढे माझ्याकडून हवं असेल तर पुस्तक मिळेल. त्यात खून कोणी केला, ते मी इथेही सांगणार नाही. वाचा.