अक्काचा दुसरा शेक

पाचोऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेल्या नवलला आईमागे थोरल्या बहिणीने, प्रमिलाअक्काने वाढवलं होतं. तिच्या छातीचा कॅन्सर काखेतल्या नसांत उतरला, तेव्हा रेडिएशनच्या शेकाने उजव्या हातातल्या कळा चार महिने थांबल्या. त्या परत सुरू झाल्या त्या नेमक्या हंगामात. रजा मागायचं जिवावर आलं म्हणून नवलने सांगून टाकलं, “अक्का, शेक एकदाच देतात.” डॉक्टरांना त्याने विचारलंही नव्हतं. अक्काने दोन महिने दात आवळून काढले.

हंगाम सरल्यावर तो तिला जळगावला घेऊन गेला.

“शेक पुन्हा देता येतो,” डॉक्टर म्हणाले. “इतके दिवस का थांबलात?”

“मना भाऊनी मनाकरता बठ्ठं करं,” अक्काच मध्ये बोलली. भावाने सगळं केलं, हे ऐकून नवलला मान वर करता येईना.

पाच दिवस शेक झाला. पंधरवड्याने अक्का त्या हाताने जेवू लागली, तेव्हा नवलने रडत रडत खरं काय ते सांगितलं.

“पुढला टाईमले डॉक्टरले इचारजो,” अक्का एवढंच म्हणाली.

पुढेही ती पहिल्यासारखीच बोलत राहिली. नवलला मात्र तिच्यासमोर बसून घास गिळवत नसे.