पाहुण्यांनी ताट उचलायचं नाही

रविवारी दुपारी आमच्या घरी जेवायला किती माणसं असतील, हे मला कधीच सांगता आलेलं नाही. बायकोला सांगता येतं. चर्चमधल्या उपासनेतलं शेवटचं गीत सुरू झालं की ती मान मागे वळवून बाकांवर एक नजर टाकते, कोण कोण आज हॉस्टेलला परत जाणार नाही ते ओळखते आणि गीत संपायच्या आत तांदूळ भिजवायला घरी निघते. मी तोवर दारात उभा राहून सगळ्यांना आमंत्रण देत असतो. म्हणजे जे आधीच येणार आहेत, त्यांनाच.

गोंदियात परदेशातून मुलं शिकायला येतात हे ऐकून नागपूरचे नातेवाईक हसतात. "आपली पोरं गोंदियातून बाहेर पळतात, अन् तुमच्याकडे टांझानियाहून येतात?" येतात ना. कोणी नर्सिंगला, कोणी फार्मसीला. काही वर्षांपूर्वी अशीच टांझानियाची एक उंच मुलगी स्टेशनवर दोन मोठ्या बॅगा आणि एक चुकीचा पत्ता घेऊन उभी होती. मी तिला बरोबर पत्त्यावर सोडलं. उतरताना तिनं विचारलं, "अंकल, यहाँ चर्च है?" बस्स, तिथून माझी सेवा सुरू झाली. आठवडाभर मी वीज खात्यात नोकरी करतो. रविवारी जेवण, मग बायबल-वाचन, मग प्रार्थना. तिच्यामागून नेपाळचा एक अबोल मुलगा आला, मग त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र. सगळेच काही प्रभूच्या ओढीनं येत नाहीत. काहींना आमच्या कोंबडीच्या रश्श्याची ओढ असते. मी कोणालाही तपासत नाही. मलाही लहानपणी चर्चमध्ये नेणारी गोष्ट नाताळचा केक हीच होती.

या सेवेत माझा एकच कडक नियम होता. पाहुण्यांनी ताट उचलायचं नाही. आपल्याकडे पाहुणा जेवून ताटाला हात लावायला लागला तर घरच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ही तर घरापासून समुद्रापलीकडे राहणारी लेकरं! ती उठू लागली की मी दोन्ही हात पसरून आडवा व्हायचो. "नो, नो! यू आर गेस्ट!" टांझानियाची मुलगी बिचारी ताट तसंच धरून उभी राहायची, मग ठेवून द्यायची. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

माझी मुलगी दहावीत आहे. खो-खो खेळते, आणि चांगली खेळते, असं मी ऐकून होतो. ऐकून अशासाठी, की तिचे सामने नेमके रविवारी असत. गेल्या वर्षभरात ती रविवारच्या पंगतीत बसेनाशी झाली होती. ताट घेऊन आजीच्या खोलीत जायची. वय आहे, म्हणून मी सोडून दिलं.

मग एका शुक्रवारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"रविवारी देवरीला फायनल आहे. बाराला. तुम्ही येऊन राहिले का?"

त्याच रविवारी नवीन मुलांचं पहिलं जेवण होतं. मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

"येतो ना. असं करू, मुलांनाही घेऊन जाऊ! सगळे मिळून तुला..."

"नाही." ती म्हणाली. "एकटे या. आईला घेऊन या. मुलं नाही, बायबल नाही, फोन नाही. नसेल जमत तर तसं सांगा, मी पुन्हा विचारणार नाही."

"अगं, पण ती घरापासून इतकी लांब..."

"मी तर घरातच आहे ना? पाहुण्यांनी ताटाला हात लावायचा नाही. तुम्ही तिकडे प्रार्थना करून राहिले. मग इतकी भांडी कोण घासते, बाबा?"

मी बायकोकडे पाहिलं. ती लसूण सोलत होती, आणि अचानक त्या लसणात तिला फारच रस वाटायला लागला होता. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "बरोबर बोलून राहिली पोरगी. आता सांग ना गा, काऊन गप झाला?" माझी आई आमच्याकडची झाडीबोली बोलते आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकते.

पुन्हा विचारणार नाही, हे तिचं वाक्य मला बोचत राहिलं. ही मुलगी माझ्यासारखी नाही, बोलली की तसंच करते. जेवण रद्द करायचं ठरवून मी टांझानियाच्या मुलीला फोन लावला. पण नवीन मुलांना "येऊ नका" कसं म्हणायचं, ते माझ्या तोंडून निघेना. मी हवापाण्यावर बोलत राहिलो. शेवटी तिनंच विचारलं, "अंकल, प्रॉब्लेम क्या है?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तो चाबी दे दो ना. हम बना लेंगे."

पाहुण्यांच्या हातात स्वयंपाकघर! माझ्या सात पिढ्या माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटलं. पण दुसरा रस्ता नव्हता. रविवारी सकाळी मी तिला मसाल्याचे डबे दाखवले, गॅसचं बटण दाखवलं, बायबल-वाचनाचा उतारा नेपाळच्या मुलाच्या हातात दिला. तो इतका घाबरला की त्यानं पुस्तक उलटं धरलं. आई खुर्ची टाकून स्वयंपाकघराच्या दारातच बसली होती. निघताना मी म्हणालो, "ताटं तशीच राहू द्या हं. आल्यावर धुऊ."

"धुऊ म्हणजे कोण?" बायकोनं विचारलं आणि मला बसस्टँडकडे ओढलं.

मुलगी पहाटेच संघाबरोबर गेली होती. देवरीच्या बसमध्ये बसल्याबरोबर बायकोनं माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. तिनं तो पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली. अर्ध्या वाटेत पोचेपर्यंत पर्स दोनदा थरथरली. "गॅस असेल," मी म्हणालो. "रस्सा लागला असेल. आई पडली असेल." बायको खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आता जंगल बघा."

मैदानात पोचलो तेव्हा सामना सुरू व्हायचा होता. मुलीनं आम्हाला शोधलं. आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं. मागे कोणी नव्हतं. ती हसली नाही, फक्त बुटाची नाडी पुन्हा घट्ट बांधली.

खो-खोतलं मला फार कळत नाही, पण शेवटी काय झालं ते कोणालाही कळलं असतं. आमच्या मुली एका गुणानं पुढे होत्या. समोरचा संघ पाठलाग करत होता, आणि मैदानात पळणारी एकटी माझी मुलगी उरली होती. ती बाद झाली की बरोबरी. शिट्टी होईपर्यंत टिकली की जिंकलो. बसलेल्या मुली "खो" मिळताच उसळून उठायच्या आणि ही दोन मुलींमधून मासोळीसारखी सटकायची. एकदा खांबापाशी कोंडली गेली. एका मुलीनं तिच्यावर सूरच मारला. हिनं खांदा असा काही फिरवला की ती मुलगी मातीत आणि माझी मुलगी खांबाच्या पलीकडे! नेमकी तेव्हाच पर्स पुन्हा थरथरायला लागली. थरथरायची थांबेना. मी पर्सकडे पाहिलंच नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी घर जळत असतं तरी मी म्हणालो असतो, शिट्टी होऊ द्या.

शिट्टी झाली.

त्यानंतर मी काय केलं ते मला बायकोनं सांगितलं. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या वाजवल्या, अनोळखी माणसाला मिठी मारली, आणि मुलीच्या खेळाच्या मॅडमसमोर लग्नाच्या वरातीत नाचतात तसा नाचलो. चर्चमधला वडीलधारा माणूस मी. मुलगी मातीनं माखलेली धावत आली आणि म्हणाली, "बाबा, बस करा ना!" पण माझा हात तिनं सोडला नाही.

येताना ती आमच्याच बसनं आली, कप मांडीवर घेऊन. फोन तिनंच पर्समधून काढला. मिस्ड कॉलची रांग लागली होती. सगळे घरून. "परत लाव, परत लाव," मी म्हणालो. तिनं परत लावला, तर लागेना.

घरी पोचलो तर फाटकातच सगळे उभे. टांझानियाची मुलगी पुढे, मागे नवीन मुलं, सगळ्यांच्या मागे काठी टेकून आई.

"क्या हुआ?" मी ओरडलो.

"आप बताओ क्या हुआ!" ती त्याहून जोरात ओरडली. "जीते कि नहीं?"

आई म्हणाली, "सकाळपासून फोन लावून राहिले बापा हे. म्या म्हटलं, पोरगी जितली का इचारा. तू उचलला काऊन नाही?"

मुलीनं कप वर केला. मग जो आरडाओरडा झाला, तो शेजारच्या नागरा गावापर्यंत गेला असेल. ती खांबापाशी कोंडली गेल्याचं मी सांगितल्याबरोबर नेपाळचा अबोल मुलगा तिला विचारायला लागला, मग सुटलीस कशी? आणि माझी मुलगी, जी त्यांच्याशी वर्षभर धड बोलली नव्हती, आमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाला खांब करून त्याला दाखवत होती.

आत ताटं मांडलेली होती. आमची. ते सगळे जेवून, वाचून, प्रार्थना करून, भांडी घासून मोकळे झाले होते. वाचन कसं झालं, मी विचारलं. "या पोरानं वाचलं," आई म्हणाली. "तुयापेक्षा बरं. लवकर आटोपलं." टांझानियाच्या मुलीनं तिच्या घरच्यासारखा खोबऱ्याच्या दुधात भात केला होता. "भातात खोबरं कायले?" असं आईनं म्हणून पाहिलं होतं, आणि दोनदा वाढून घेतलं होतं.

जेवण झाल्यावर मी ताट घेऊन उठलो. नेपाळचा मुलगा दोन्ही हात पसरून आडवा झाला. आईकडे एकदा पाहून, शब्द नीट जुळवून म्हणाला, "तू बस ना गा."

सगळं घर हसलं. मी बसलो. माझ्या हातातलं ताट त्यानं घेतलं, मुलीचं टांझानियाच्या मुलीनं. मुलगी जागची उठली नाही. कितीतरी दिवसांनी ती रविवारच्या पंगतीत बसली होती आणि तिला उठायची काही घाई नव्हती.

"बाबा," बोटं चाटत ती म्हणाली, "पुढचा सामना गोंदियातच आहे. यांना आणलं तरी चालेल." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "पण शिट्ट्या हे वाजवतील. तुम्ही नाही."