भुयारात माझ्या पुढे

कुठल्याही खोलीत शिरलं की चाचा आधी छताकडे बघायचे. समोर माणूस हात मिळवायला उभा असला तरी चाचांचा तळहात वर, एसीच्या जाळीखाली. "वारा कुठनं येतो ता आधी बघायचा. माणसं काय पळून जात नायत." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, लग्नाला गेला तरी आधी मांडवाच्या गाठी तपासणारा. आमचे चाचा त्यातलेच.

ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. कुवेतमधल्या अहमदीच्या जुन्या क्वार्टर्सचे एसी सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मी राजापूरचा, त्यांच्या हाताखालचा डक्टवाला, म्हणजे एसीची हवा नेणारे पत्र्याचे बोगदे आत शिरून साफ करणारा. माझी खोडी काढल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. "तू म्हंजे तुमची राजापूरची गंगा. मनात येईल तवा येणार, बोलावला तर नाय."

तीन वर्षांपूर्वी दस्मानच्या एका इमारतीत साफसफाई करताना मी डक्टच्या आत अडकलो. पाऊण तासाने पत्रा कापून मला बाहेर काढलं, तेव्हा मी हमसून हमसून रडत होतो. त्यानंतर डक्टचं झाकण नुसतं उघडलं तरी माझे हातपाय गार पडायचे. आता डक्टमध्ये न शिरणारा डक्टवाला कंपनी कशाला ठेवेल? मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, कळलं असतं तर मी पुढच्या विमानात असतो. चाचांनी कळू दिलं नाही. साठीला टेकलेला तो माणूस दोन वर्षं माझ्याऐवजी आत सरपटत राहिला आणि कामाच्या कागदावर माझं नाव लिहीत राहिला. एवढं माझ्यासाठी माझ्या सख्ख्या भावानेही केलं नसतं.

मग त्यांचं कायमचं घरी जायचं ठरलं. एक दिवस म्हणाले, "तीस वर्षं घर ते कुवेत, कुवेत ते घर. एक तरी देश असा बघूया, जिथं आपला काय काम नाय." शेवटच्या सुट्टीत आम्ही दोघं व्हिएतनामला गेलो.

हो ची मिन्ह शहरात एका दिवसाची सहल घेतली. सकाळी कमानींचं जुनं पोस्ट ऑफिस, मग राजवाडा. बाकीचे लोक गालिचे आणि खुर्च्यांचे फोटो काढत होते. चाचा मान वर करून फिरत होते. तळघरात युद्धाच्या वेळचे नकाशे लावलेल्या खोल्या आहेत. तिथे हवेचा जुना पाइप दिसला तर गाववाला भेटल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला. "जॉइंट बघ. आपल्या पोरांना दाखवायला पायजे."

दुपारी बस कु चीला गेली. युद्धात लोकांनी हातांनी खोदलेली मैलोगणती भुयारं तिथे आहेत. गाइडने झाडीतलं एक वारूळ दाखवलं. वारूळ खोटं, आत हवेची नळी. चाचा पटकन खाली बसले आणि तळहात धरला. "सुभानल्ला! बिनमोटरचा एसी!"

मग भुयाराचं तोंड आलं आणि मी मागे सरलो.

"तुम्ही जा. मी बसपाशी थांबतो."

चाचा हसले नाहीत. "पुढच्या महिन्यात मी जाणार. मग तुझ्याऐवजी कोण शिरणार?"

दोन वर्षांत ते हे पहिल्यांदाच बोलले. ही सहल नेमकी याच देशाची का, हे मला तेव्हा कळलं.

"मी पुढं. माझे पाय बघत ये," म्हणाले.

आधी वाकून, मग रांगत. काळोख, मातीचा वास. पुढे त्यांच्या चपलांचे तळ तेवढे दिसत होते. मध्येच माझा श्वास अडकला. मी ओरडलो, "चाचा!" चपला थांबल्या.

"मेलास काय?"

"नाही."

"मग गालाला वारा लागतो काय बघ."

लागत होता. बारीक, पण लागत होता.

"मग चल."

वर आलो तेव्हा मी घामाने चिंब होतो आणि चाचा गाइडला हिंदीत सांगत होते, "काम अच्छा है, लेकिन हाइट थोडा कम है." गाइड हसून मान डोलवत होता.

ठरल्याप्रमाणे चाचा कायमचे गावी गेले. गेल्या महिन्यात खैरानच्या किनाऱ्यावरच्या एका शॅलेतला, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यातला, मोठा डक्ट साफ करायचं काम आलं. आत शिरणारा आता मी एकटाच. आदल्या दिवशी फोनवर त्यांना सांगितलं. उपदेशाची अपेक्षा होती, पण ते नुसतं "बरा" म्हणाले.

सकाळी शिरलो. भीती गेली नव्हती, माझ्याबरोबर तीही आत आली. पण दुपारी एक वाजता मी काम संपवून बाहेर आलो आणि धुळीच्या हातानेच फोन लावला. चाचींनी उचलला.

"चाचा कुठे आहेत?"

"नमाजवर हायत."

"आत्ता? तिकडे तर साडेतीन वाजले."

"दुपारची कधीच झाली रे. ही तुझ्यासाठी चाललीय, सकाळपासून तिसऱ्यांदा. तू बाहेर आलास ना?"

कसाबसा हो म्हणालो.

"मग वाढते त्यांना," चाची म्हणाल्या. "सकाळपासून जेवलेले नायत."